भाकरीचा घास पोटात गेल्यावर

ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि शेंगाची चटणी हे आपल्या करजगी परिसरातील घरोघरचे जेवण. पण ताटातले हे अन्न रक्तात कसे पोचते, हे आपल्यापैकी किती जणांना नीट सांगता येईल? या अंकात आम्ही तेच थोडक्यात सांगत आहोत.

पचनाची सुरुवात तोंडातच होते. दात घास बारीक करतात आणि लाळेतील टायलीन हे विकर भाकरीतील स्टार्चचे साखरेत रूपांतर करू लागते. भाकरीचा कोरडा तुकडा सावकाश चावून पाहा, थोड्या वेळाने तो गोडसर लागतो. घंटा होईल म्हणून घाईघाईने गिळलेल्या घासाचे हे काम अपुरे राहते.

पुढे घास अन्ननलिकेतून जठरात जातो. तेथे तो काही तास घुसळला जातो. जठरातील हायड्रोक्लोरिक आम्ल बरेचसे जंतू मारते आणि पेप्सीन हे विकर वरणातील प्रथिनांचे तुकडे करते.

खरे काम मात्र लहान आतड्यात होते. त्याची लांबी सुमारे ६ मीटर असते. यकृताकडून आलेला पित्तरस चटणीतील तेलाचे बारीक थेंब करतो. स्वादुपिंडाचा रस स्टार्च, प्रथिने व मेद या तिन्हींचे पचन पुढे नेतो. शेवटी ग्लुकोज, अमिनो आम्ले आणि मेदाम्ले असे सूक्ष्म घटक तयार होतात. आतड्याच्या आतल्या बाजूस बोटांसारखी लाखो अंकुरे असतात. त्यांच्यामुळे शोषणाची जागा एखाद्या लहान वर्गखोलीएवढी होते. ग्लुकोज व अमिनो आम्ले येथून रक्तात जाऊन प्रथम यकृताकडे पोचतात, तर बहुतेक मेद लसिकावाहिन्यांतून जातात. उरलेला चोथा मोठ्या आतड्यात जातो व तेथे त्यातील पाणी शोषले जाते.

आपल्या वाडवडिलांची जेवणाची जोडही विचार करण्यासारखी आहे. ज्वारीत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते, ते तुरीत भरपूर असते. तुरीत मेथिओनीन कमी, ती उणीव ज्वारी भरून काढते. म्हणजे भाकरी व वरण एकत्र खाल्ल्याने प्रथिनांचा लाभ वाढतो. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ती डाळ आपल्या मुलांच्या ताटातही रोज असावी.

खाल्लेले सगळेच अंगी लागते असे मात्र नाही. पालेभाजी व धान्यातील लोह शरीरात थोडेच शोषले जाते. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असेल तर ते जास्त शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास कमी होते. वाढत्या वयातील मुलींना रक्तक्षयाचा धोका अधिक असतो, म्हणून पालकांनी जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर ठेवावे.

पावसाळ्यातील जुलाबाविषयीही सांगणे आवश्यक वाटते. जुलाबात शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने जातात. तरीही आतड्यातील ग्लुकोज आणि मीठ एकत्र शोषून घेणारी वाट बहुधा चालू असते, आणि त्यांच्यामागून पाणीही आत येते. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी रुग्णांना साखर-मिठाचे पाणी तोंडाने पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले.

ओआरएसचे पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. मूल सुस्त पडले, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसले तर तत्काळ दवाखाना गाठावा.

पालक व विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की, मुले न्याहारी करूनच शाळेत यावीत, आणि मधल्या सुट्टीत सर्वांना साबणाने हात धुऊन, सावकाश चावून जेवता येईल एवढा वेळ व पाणी मिळावे. रिकाम्या पोटी फळ्यावरचे गणितही डोक्यात शिरत नाही.