पत्ता तोच, आतील यंत्रणा नवी

आकुर्डीच्या ज्या कारखान्यातून बजाजची ‘चेतक’ देशभर पोहोचली, तेथील दुचाकींचे उत्पादन २००७ मध्ये थांबले. २०२२ मध्ये त्याच आवारातील नव्या कारखान्यातून चेतक पुन्हा बाहेर पडू लागली; मात्र पेट्रोल इंजिनाऐवजी बॅटरी आणि मोटर घेऊन. पत्ता तोच, नाव तेच, आतील यंत्रणा मात्र वेगळी. युनिक्स आणि लिनक्स या संगणक प्रणालींतील ‘एक्झेक’ ही आज्ञा काहीसे असेच कार्य करते.

या प्रणालींत चालू असलेल्या प्रत्येक प्रक्रियेस एक क्रमांक असतो. एखाद्या स्क्रिप्टने दुसरा प्रोग्रॅम सुरू केला, की एरवी त्यासाठी नव्या क्रमांकाची स्वतंत्र प्रक्रिया निर्माण होते आणि तो संपेपर्यंत स्क्रिप्ट थांबून राहते. त्या प्रोग्रॅमच्या नावाआधी ‘एक्झेक’ लिहिल्यास मात्र नवी प्रक्रिया जन्मास येत नाही. स्क्रिप्टची मेमरीतील जागा नवा प्रोग्रॅम घेतो. क्रमांक आणि उघडलेल्या फाइली सहसा तशाच राहतात.

याचे महत्त्व काय? समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यात यंत्रांच्या नोंदी घेणारा प्रोग्रॅम स्क्रिप्टद्वारे सुरू होतो आणि देखरेख करणाऱ्या यंत्रणेकडे केवळ स्क्रिप्टचा क्रमांक आहे. पाळी बदलताना ‘थांबा’ हा संकेत त्या क्रमांकाला पाठवला, तर स्क्रिप्ट संपते. नोंदी घेणारा प्रोग्रॅम मात्र मागे चालूच राहू शकतो. पुढच्या पाळीत दुसरा सुरू झाला, की दोघे एकाच फाइलीत लिहू लागतात आणि नोंदींचा विचका होतो. ‘एक्झेक’ वापरल्यास संकेत थेट मूळ प्रोग्रॅमपर्यंत पोहोचतो. हाती असलेले काम पूर्ण करून, फाइल नीट बंद करून थांबण्याची संधी त्यास मिळते.

मात्र हा मार्ग एकेरी आहे. ‘एक्झेक’ यशस्वी झाल्यावर स्क्रिप्टमधील त्यापुढील एकही ओळ चालत नाही. तात्पुरत्या फाइली पुसणे किंवा काम संपल्याची सूचना पाठवणे शेवटी ठेवले असेल, तर ते घडतच नाही. म्हणून साऱ्या पूर्वतयारीनंतर, स्क्रिप्टची अखेरची ओळ म्हणूनच ही आज्ञा लिहावी. नवा प्रोग्रॅम संपल्यावर काही करायचे असेल, तर ‘एक्झेक’ टाळलेलेच बरे.