ईम: स्वतःला कोंडून घेणारं गाव

ज्यांचे हेडफोन घरी राहिले त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लिहून देतोय.

आधी नाव. स्पेलिंग ई-वाय-ए-एम. मी शेफील्डहून बसने निघालो तेव्हा ड्रायव्हरला 'एयाम' म्हणालो, त्याने शांतपणे सांगितलं, 'ईम'. इंग्लंडच्या डर्बीशायरमधलं डोंगरातलं गाव, वस्ती साधारण हजारभर. पूर्वी आसपास शिशाच्या खाणी होत्या. पण लोक इथे येतात ते 1665 सालासाठी.

त्या वर्षी लंडनमध्ये प्लेग होता. ईमच्या शिंप्याकडे तिथून कापडाचं गाठोडं आलं. गावात सांगतात की कापड ओलसर होतं, म्हणून जॉर्ज व्हिकर्स नावाच्या मदतनिसाने ते शेकोटीपुढे वाळवलं आणि त्यातल्या पिसवा मोकळ्या झाल्या. सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तो गेला. मग शेजारी. थंडीत साथ मंदावली, लोकांना वाटलं सुटलो. 1666 च्या उन्हाळ्यात ती दुप्पट जोराने परतली.

इथे दोन माणसं महत्त्वाची. विल्यम मॉम्पेसन हा नवा पाद्री, वय तिशीच्या आत, म्हणजे जवळपास माझ्याएवढाच. थॉमस स्टॅन्ली हा आधीचा, नवी प्रार्थनापद्धती मान्य नाही म्हणून पद गेलेला. गावाचा विश्वास जुन्यावर जास्त. दोघांचं धार्मिक बाबतीत पटणं शक्यच नव्हतं, तरी जूनमध्ये दोघांनी मिळून गावाला तीन गोष्टी पटवल्या. मेलेल्याला घरच्यांनीच घराजवळ पुरायचं. प्रार्थना चर्चमध्ये नाही, तर ककलेट डेल्फ नावाच्या उघड्या घळीत, कुटुंबाकुटुंबात अंतर ठेवून. आणि गावाची हद्द कोणी ओलांडायची नाही.

जेवणाचं काय? चॅट्सवर्थच्या अर्ल ऑफ डेव्हनशायरने मदत पाठवली, शेजारच्या गावांनी हद्दीवर सामान ठेवलं. हद्दीवरच्या दगडाला भोकं आहेत. त्यात व्हिनेगर ओतून नाणी टाकायचे. जंतू ही कल्पनाच नसताना नाणी धुवून द्यायची सवय!

ऑगस्टमध्ये एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. एकटीने. गावाबाहेरच्या शेतात ती थडगी आजही आहेत. तिथे मी फोन खिशात ठेवला, फोटो काढावासा वाटला नाही. त्याच महिन्यात मॉम्पेसनची बायको कॅथरीनही गेली. नोव्हेंबरमध्ये साथ थांबली तोवर सुमारे 260 माणसं गेली होती.

आता माझा खटकलेला मुद्दा. मॉम्पेसनने स्वतःची मुलं आधीच बाहेर पाठवली होती आणि ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्यातलेही काही आधी निघून गेले. म्हणजे 'सगळ्या गावाने एकमताने त्याग केला' ही गोष्ट जरा गुळगुळीत करून सांगितली जाते. गरिबाला जायला जागाच कुठे होती?

आणि डेटा काय म्हणतो? चर्चच्या रजिस्टरमध्ये कोण कधी गेलं याची नोंद आहे, आपल्या भाषेत लॉग फाईल. 2016 मध्ये दोन संशोधकांनी ती मॉडेलमध्ये घातली. निष्कर्ष: उंदरांकडून माणसाला झालेला संसर्ग साधारण पाव हिस्सा, उरलेला माणसाकडून माणसाला. म्हणजे बाहेरची गावं वाचली असतील, पण आत घरातल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी हा निर्णय जीवघेणाच होता.

आपल्याकडे प्लेग म्हटलं की 1897 चं पुणं आठवतं. आजार तोच, पण तिथे रँडचे सोल्जर घराघरात घुसत होते, आणि लोकांचा राग त्याच गोष्टीचा होता. ईममध्ये निदान सांगणारे दोघंही हद्दीच्या आतच राहिले.

आजचं ईम? ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी त्याच घळीकडे मिरवणूक जाते. त्याच सुमाराला विहिरी सजवतात: लाकडी फळीवर ओली माती थापून त्यात पाकळ्या, पानं, बिया एकेक दाबून चित्र. आपल्या फुलांच्या रांगोळीसारखंच, फक्त उभं. म्युझियमच्या छपरावर वारा दाखवणारा उंदीर आहे, हा विनोद मला आवडला. चर्चजवळच्या जुन्या घरांसमोर हिरव्या पाट्यांवर तिथे गेलेल्यांची नावं आहेत, आणि त्या घरांत माणसं राहतात. एका पाटीमागच्या खिडकीत एक मांजर झोपलं होतं, आतून टीव्हीचा आवाज येत होता.