एंजिन तेल, शीत हवामानातील डीझेल ट्रकचे

डीझेल ट्रकच्या एंजिनातील घर्षण व झीज कमी करणारे, उष्णता वाहून नेणारे आणि काजळी व अम्ले यांपासून धातूचे रक्षण करणारे वंगण तेल. उष्ण प्रदेशात त्याची निवड फारशी अडचणीची नसते. तापमान शून्याखाली बरेच उतरते तेथे मात्र एंजिन सुरू होणे व टिकणे या दोन्ही गोष्टी या निवडीवर अवलंबून राहतात.

तेलाची श्यानता (प्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध, दाटपणा) तापमानानुसार फार झपाट्याने बदलते. ट्रकमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या १५ डब्ल्यू–४० प्रतीच्या तेलाची श्यानता चालू एंजिनाच्या तापमानाला, म्हणजे सु. १००° से.ला, १२ सेंटिपॉइजच्या आसपास असते, −२०° से.ला ती ७,००० सेंटिपॉइजपर्यंत, म्हणजे पाचशे पटींहून अधिक, असू शकते. पेट्रोल एंजिनापेक्षा डीझेल एंजिनाला याचा जाच अधिक होतो. त्यात ठिणगी नसते. हवा दाबली गेल्याने निर्माण होणाऱ्या उष्णतेनेच इंधन पेटते आणि त्यासाठी दट्ट्या पुरेशा वेगाने हलावा लागतो. दाट तेल नेमका हाच वेग कमी करते. त्यातच थंडीमुळे विद्युत् घटमालेची शक्तीही घटते, −१८° से.ला ती निम्म्यापेक्षाही कमी उरते.

तेलाच्या डब्यावरील आकड्यांचा अर्थ येथे नीट समजून घेतला पाहिजे. एसएई या अमेरिकन अभियंता-संस्थेने श्यानतेनुसार तेलाचे वर्गीकरण प्रथम १९११ मध्ये केले. त्यात वेळोवेळी सुधारणा होत आल्या आहेत. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे द्योतक असून त्यापूर्वीचा आकडा तेलाचे थंडीतील वर्तन दाखवितो. एंजिन फिरविताना तेलाची श्यानता ठरावीक मर्यादेत राहते की नाही, हे ० डब्ल्यू तेलासाठी −३५°, ५ डब्ल्यूसाठी −३०°, १० डब्ल्यूसाठी −२५°, १५ डब्ल्यूसाठी −२०° आणि २० डब्ल्यूसाठी −१५° से.ला तपासतात. तेल पंपाने ओढले जाते की नाही याची कसोटी त्याहूनही ५° खालच्या तापमानाला घेतात. डब्ल्यूनंतरचा आकडा (३०, ४०, ५०) तापलेल्या एंजिनातील श्यानतेचा. केवळ ‘४०’ असा एकच आकडा असलेल्या तेलाबाबत थंडीची कोणतीही हमी नसते. थंडीत पातळ व उष्णतेत पुरेसे दाट असे दुहेरी वर्तन साधण्यासाठी तेलात बहुवारिक द्रव्ये मिसळतात किंवा मुळातच संश्लेषित तेल वापरतात.

‘दाट तेल म्हणजे अधिक संरक्षण’ ही समजूत चालकांत व दुरुस्ती करणाऱ्यांतही खोलवर रुजलेली आहे. तापलेल्या एंजिनाबाबत तिला काही आधार आहे; गारठलेल्या एंजिनाबाबत ती घातक ठरते. पंपापर्यंत न पोहोचणारे तेल कितीही दाट असले, तरी धारव्याच्या उपयोगाचे नाही. सर्वांत बिकट प्रसंग एंजिन सुरू न होण्याचा नसून ते सुरू होऊनही तेल न चढण्याचा होय. १९८०–८१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील सू फॉल्स (साउथ डकोटा) येथे तो प्रत्ययास आला. सावकाश थंड होत गेल्याने तेलातील मेणाची जाळी तयार झाली आणि तेल खिरीसारखे थिजले. एंजिने सुरू झाली, पण तेलाविना निकामी झाली. तोवरच्या चाचण्यांत तेल झटपट थंड केले जाई, म्हणून हा दोष त्यांत उघड झाला नव्हता. त्यानंतर सावकाश शीतनाची कसोटी रूढ झाली. केवळ प्रवाहबिंदू (ज्याला तेल जेमतेम वाहते ते तापमान) पाहून तेल निवडणे अपुरे आहे, ते यामुळेच.

भारतात हा प्रश्न मुख्यतः लडाख व हिमाचल प्रदेशातील लाहूल-स्पिती या भागांत उद्भवतो. लेह येथे जानेवारीतील रात्रीचे तापमान अनेकदा −१५° से.च्या आसपास जाते. द्रास येथे ते त्याहूनही बरेच खाली उतरते. मैदानी प्रदेशातून माल घेऊन वर गेलेल्या ट्रकमध्ये बहुधा १५ डब्ल्यू–४० तेल असते. लेह येथे ते मर्यादेच्या काठावर असते, तर द्रास येथे रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या ट्रकला ते पुरे पडेलच असे नाही. अशा ठिकाणी ५ डब्ल्यू–४० तेल योग्य; महाराष्ट्रातील हिवाळ्यात मात्र त्यासाठी जादा खर्च करण्याचे कारण नाही. निवड करताना सरासरी नव्हे, तर ज्या नीचतम तापमानाला ट्रक सुरू करावा लागणार ते तापमान धरावे. त्यातही काही अंशांची सवलत ठेवणे शहाणपणाचे, कारण वापरलेल्या तेलात साठलेल्या काजळीने ते नव्या तेलापेक्षा दाट झालेले असते.

पहिला आकडा हवामानाने ठरतो. दुसरा एंजिनाच्या निर्मात्याने ठरविलेला असतो व थंडीच्या निमित्ताने तो मनाने बदलू नये. हीच गोष्ट गुणप्रतीची. डिसेंबर २०१६ पासून प्रचारात आलेल्या अमेरिकन प्रतींपैकी ‘सीके-४’ जुन्या एंजिनांनाही सामान्यतः चालते, तर ‘एफए-४’ तापल्यावरही मुद्दाम पातळ ठेवलेली असल्याने निर्मात्याची संमती असेल तेथेच वापरावयाची असते. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकानुसार बनविलेल्या ट्रकांत काजळीची गाळणी असते. तीत राख साचू नये म्हणून कमी राख देणारे तेलच लागते.

तेलात रॉकेल किंवा डीझेल मिसळून ते पातळ करणे हा उपाय टाळावा. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या एंजिनांत पेट्रोल मिसळण्याची पद्धत होती खरी, पण ते प्रमाण मोजून घातले जाई व एंजिन तापल्यावर पेट्रोल उडून जाई. डीझेल तसे सहजी उडत नाही व तेल कायमचे कमकुवत करते. तेलपात्राखाली शेकोटी पेटविण्याची डोंगराळ भागातील रीत समजण्यासारखी आहे, तथापि तिने तळाचे तेल करपते आणि आगीचा धोका असतो तो वेगळाच. कॅनडा व स्कँडिनेव्हियात रात्रभर विजेवर चालणारा तापक एंजिनाला जोडून ठेवतात. एंजिन सुरू झाल्यावर तेलाचा दाब दिसेपर्यंत वेग वाढवू नये. टर्बोभारकाच्या धारव्यांना तेल सर्वांत उशिरा मिळते.

तेल योग्य असूनही ट्रक सुरू न झाल्यास दोष पुष्कळदा इंधनाचा असतो. भारतीय मानकानुसार हिवाळी डीझेलचा प्रवाहबिंदू ३° से.पर्यंत चालतो, लडाखमध्ये असे डीझेल नळीतच थिजते. याकरिता इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये −३३° से. प्रवाहबिंदू असलेले खास हिवाळी डीझेल तेथे उपलब्ध केले.