बैलास पोळा, हमालास काय ?

पोळ्याच्या आदल्या सायंकाळीं आमचा शेतकरी बैलाची खांदेमळणी करतो. वर्षभर जोखडानें सोलपटलेल्या त्या खांद्यास तूप व हळद चोळून तो आपलें ऋण मुक्या जनावरापाशीं कबूल करतो. दसऱ्यास कारागीर हत्यारांस फुलें वाहतो. लक्ष्मीपूजनास व्यापारी वह्यांस गंध लावतो. तेव्हां कृतज्ञता हा गुण आमच्या अंगीं नाहीं असें कोणासही म्हणतां येणार नाहीं. असें असतां ज्या माणसाच्या पाठीवरून सारा माल दुकानांत येतो, त्या हमालाच्या वांट्यास मात्र या कृतज्ञतेचा एक शब्दही येऊं नये, हें नवल नव्हे काय ?

भर दुपारीं कोणत्याही भुसार बाजारांत जाऊन पाहावें. ५० किलोचें पोतें पाठीवर घेऊन हमाल येतो, थप्पी लावतो व पुन्हां माघारीं जातो. शेठजींची नजर पोत्यांच्या मोजणीवर असते; वाहणाराच्या तोंडाकडे नसते. हांक मारावयाची झाल्यास ‘ए हमाल’ एवढीच. ‘तूं’, ‘तुम्ही’ व ‘आपण’ अशीं तीन संबोधनें आमच्या भाषेंत आहेत; त्यांपैकीं पहिलें तेवढें बापाच्या वयाच्या या माणसासाठीं आम्हीं राखून ठेविलें आहे !

यावर कोणी म्हणेल, “हमाली चुकती केली, आतां देणें काय उरलें?” वकिली दृष्टीनें हा बचाव बिनतोड आहे. परंतु कायद्याची धांव कोठवर असते, हें वकिलासच अधिक ठाऊक असतें. माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीं महाराष्ट्रांत १९६९ सालीं कायदा झाला. मंडळें, नोंदणी, मजुरी व भविष्यनिर्वाह निधि यांची तजवीज त्यानें केली, आणि ती न्याय्यच होती. तथापि ‘दमलांत, घटकाभर बसा, पाणी घ्या’ असें शेठजींच्या तोंडून वदवून घेणारें कलम कोणत्याही कायद्यांत घालतां येत नाहीं. तें ज्याचें त्यानेंच आपल्या मनांत लिहावयाचें असतें.

गोड शब्दानें पोट भरत नाहीं, असा दुसरा आक्षेप आहे, व तो खरा आहे. मजुरी थकवून गोड बोलणारा धनी उद्धट धन्याहूनही वाईट. पण मजुरी व मान हीं दोन निरनिराळीं देणीं आहेत. एक फेडल्यानें दुसरें फिटत नाहीं.

हें लिहितांना आम्ही स्वतःस निर्दोष समजत नाहीं. आमच्या कचेरींत कागदाचीं रिमें वाहून आणणाऱ्या गृहस्थांचें नांव तीन वर्षें आम्हांस ठाऊक नव्हतें. ते आजारी पडले व दुसरा मनुष्य आला, तेव्हां कोठें आम्हीं तें विचारलें. त्या दिवशींची लाज अद्याप गेलेली नाहीं.

भारताच्या संविधानाच्या उद्देशिकेंत व्यक्तीची प्रतिष्ठा व बंधुता यांचा उच्चार आहे. त्या बंधुतेची कसोटी सभेच्या व्यासपीठावर लागत नसून दुकानाच्या उंबऱ्यावर लागते. म्हणून व्यापारी बंधूंस आमची विनंति इतकीच कीं, पोळ्याची किंवा दिवाळीची वाट न पाहतां उद्यां दुकान उघडल्यावर पहिलें पोतें उतरविणाऱ्यास त्याचें नांव विचारावें, त्यास ‘तुम्ही’ म्हणावें, आणि आपण ज्या पेल्यानें पाणी पितों त्याच पेल्यानें त्यास पाणी द्यावें.