विश्लेषण : जखम एका डोळ्याला, मग हल्ला दुसऱ्यावर का?

द्राक्षमांडवाची तार ताणताना तुटून डोळ्यावर आदळते. टोमॅटोच्या बांधणीत बांबूचे टोक लागते. औजारावर हातोडा मारताना लोखंडाची कपची उडते. जुन्नर-आंबेगावच्या शेतशिवारात असे धोके रोजचेच. जखमी डोळ्यावर उपचार होतात. पण क्वचित काही आठवड्यांनी, धडधाकट असलेला दुसरा डोळाही लाल होतो, अंधुक दिसू लागते. या दुर्मीळ आजाराचे नाव ‘सिम्पथेटिक ऑफ्थॅल्मिया’. यात हल्ला जंतूंचा नसतो, शरीराच्याच टी पेशींचा असतो.

टी पेशी एरवी शांत का असतात?

टी पेशी हा पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. छातीतील थायमस ग्रंथीत त्यांची चाळणी होते. स्वतःच्याच शरीरावर उलटू शकतील अशा बहुतेक पेशी तिथेच नष्ट होतात. तरीही दृष्टिपटलातील प्रथिने ओळखणाऱ्या काही पेशी निसटतात आणि निरोगी माणसाच्याही रक्तात फिरतात. डोळ्यातील रक्तवाहिन्यांच्या घट्ट भिंतींमुळे त्यांची आणि त्या प्रथिनांची सहसा गाठ पडत नाही.

जखमेनंतर काय बदलते?

डोळ्याला भोक पडले की आतली प्रथिने बाहेर येऊन लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचतात. टी पेशी अख्खे प्रथिन ओळखत नाही. दुसऱ्या पेशीने त्याचा छोटा तुकडा करून पुढे धरला, तर तोच ती तपासते. तुकडा जुळला आणि सोबत धोक्याचा इशाराही मिळाला, की ती सक्रिय होते आणि तिची संख्या झपाट्याने वाढते. सक्रिय झालेल्या पेशी घट्ट भिंतीही ओलांडतात. दुसऱ्या डोळ्यात तीच प्रथिने असल्याने तोही लक्ष्य ठरतो.

हे कशावरून कळले?

दृष्टिपटलातील ‘अरेस्टिन’ हे प्रथिन प्रकाशाने सुरू झालेला संदेश थांबवते. ते प्रयोगातील प्राण्यांना डोळ्यापासून दूर टोचले, तरी डोळ्यांत दाह झाला. माणसाच्या या आजारात रंगद्रव्य पेशींतील प्रथिनांवरही संशय आहे. लुई ब्रेल यांच्या एका डोळ्याला तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कारखान्यात आरी लागली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. त्यामागे हाच आजार असावा, असे अनेक नेत्रतज्ज्ञ मानतात.

काय काळजी घ्यावी?

सुमारे ८० टक्के रुग्णांत लक्षणे तीन महिन्यांत दिसतात; काहींत अनेक वर्षांनीही. डोळ्यात काही घुसले असेल तर ते ओढू नका, डोळा चोळू किंवा दाबू नका. लगेच नेत्ररुग्णालय गाठा. या भागात नारायणगावला डॉ. मनोहर डोळे यांनी उभारलेले मोहन ठुसे नेत्ररुग्णालय आहे. पुढे दुसऱ्या डोळ्याला उजेड सहन होईना, दुखू लागले किंवा अंधुक दिसले, तर जुनी जखम डॉक्टरांना आवर्जून सांगा.

उपचारात स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे देतात. त्याआधी क्षयासारखा संसर्ग नाही ना, हे तपासावे लागते. म्हणून मेडिकलमधून स्वतःच थेंब आणून घालणे धोक्याचे. उपचार वेळेत सुरू झाले, तर अनेकांची दृष्टी वाचते.