लॅपटॉप दुरुस्त होऊन आला, पण टचपॅड बंद पडलं? नवीन पार्टचे पैसे देण्याआधी हे तपासा

बॅटरी किंवा कीबोर्ड बदलायला, नाहीतर पंखा साफ करायला लॅपटॉप तालुक्याला नेला. घरी आणून चालू केला तर स्क्रीन आली, कीबोर्डही चालतो, पण बोट फिरवलं तरी बाण जागचा हलत नाही. मुलांचे शिष्यवृत्तीचे, भरतीचे फॉर्म भरायची घाई असते तेव्हा अशी अडचण जास्तच जाणवते. दुकानात परत नेलं की काही ठिकाणी लगेच सांगतात, 'टचपॅड गेलं, नवीन टाकावं लागेल.' पण दुरुस्तीआधी चालणारं टचपॅड दुरुस्तीनंतर बंद पडलं, तर बऱ्याचदा ते खराब झालेलं नसतं. कुठंतरी जोडणी सुटलेली असते, नाहीतर सेटिंग बंद असतं.

विहिरीवरची मोटार चालू झाली नाही म्हणून आपण लगेच मोटार वर काढत नाही. आधी फ्यूज, स्टार्टर, केबल बघतो. इथंही तसंच करायचं.

घरी काय बघायचं?

१) काम अडलं असेल तर यूएसबी माउस जोडा. मोबाईलला ओटीजीने चालणारा माउसही चालतो. मात्र काही लॅपटॉपमध्ये माउस जोडला की टचपॅड आपोआप बंद होण्याचं सेटिंग असतं. त्यामुळे टचपॅड तपासताना माउस काढून ठेवा.

२) कीबोर्डच्या वरच्या एफ-१ ते एफ-१२ बटणांवर टचपॅडचं छोटं चित्र आहे का बघा. असेल तर एफएन बटण दाबून धरा आणि ते बटण एकदा दाबा. दुरुस्ती करताना ते चुकून दाबलं गेलेलं असू शकतं.

३) विंडोजचं बटण दाबून इंग्रजीत टचपॅड असं टाइप करा आणि एंटर मारा. सेटिंग उघडेल. तिथं टचपॅड ऑफ असेल तर ऑन करा. माउस नसेल तर टॅब बटणानं पुढं सरका आणि स्पेस दाबून बदला.

४) लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा आणि मग चालू करा. अडकलेली गोष्ट कधीकधी एवढ्यानंच सुटते.

५) विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबा, मग एम दाबा. डिव्हाइस मॅनेजर उघडेल. त्यातल्या माउसच्या किंवा ह्यूमन इंटरफेसच्या यादीत टचपॅड शोधा. नावापुढं पिवळी खूण असेल तर बहुधा ड्रायव्हरची अडचण आहे. नावच दिसत नसेल तर केबलचा संशय घ्या.

मेकॅनिकला काय विचारायचं?

पहिला प्रश्न, 'नुसती विंडोज नवीन टाकली की लॅपटॉप उघडला?' नुसती विंडोज टाकली असेल तर ड्रायव्हर राहिला असण्याची शक्यता जास्त. लॅपटॉपच्या मागच्या बाजूला मॉडेल नंबर असतो. त्यावरून कंपनीच्या वेबसाइटवर तो ड्रायव्हर मोफत मिळतो.

लॅपटॉप उघडला असेल तर रिबन केबल बघायला सांगा. ही कागदासारखी पातळ, चपटी पट्टी असते. टचपॅड तिच्याच मार्फत मदरबोर्डला जोडलेलं असतं. काही लॅपटॉप उघडताना ती काढावी लागते. परत बसवताना थोडी तिरकी बसली किंवा वरची बारीक खिटी लागली नाही तरी टचपॅड बंद. पट्टी फाटली नसेल तर ती नीट बसवणं काही मिनिटांचं काम आहे. शिवाय आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू लागला तर तो आतून टचपॅडला टेकतो, हेही बघायला सांगा. हे काम आपल्यासमोर करून घ्या. वॉरंटी असेल तर घरी स्वतः उघडू नका.

सावधान!

टचपॅड वर उचललेलं दिसत असेल किंवा दाबताना कडक लागत असेल, तर खालची बॅटरी फुगलेली असू शकते. अशा वेळी लॅपटॉप चार्जिंगला लावू नका, टचपॅड दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. फुगलेली बॅटरी फुटली किंवा तिला भोक पडलं तर पेट घेते. लॅपटॉप बंद करून थेट दुकानात न्या.

पावती घ्याच

दुरुस्तीची पावती घ्या आणि काय काम केलं ते त्यावर लिहून घ्या. पैसे देऊन करून घेतलेली दुरुस्ती ही सेवा आहे, आणि त्यात कसूर झाली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दाद मागता येते. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन करून तक्रार नोंदवा. पण आधी दुकानदाराशी नीट बोला. केबल सुटली असेल तर बरेच मेकॅनिक जागेवरच बसवून देतात.

पुढच्या वेळी पैसे देण्याआधी काउंटरवरच पाच मिनिटं काढा. टचपॅड, कीबोर्डची सगळी बटणं, वायफाय, कॅमेरा, आवाज आणि चार्जिंग बघून घ्या. तालुक्याची एक फेरी वाचली तरी तेलाचे पैसे अन् अर्धा दिवस वाचतो.