रेम्ब्रांटचा हात कुठे गेला?

काल बाबांचं पोर्ट्रेट करताना मिशीचा केस न् केस रंगवत बसलो. मिशी झकास जमली, बाबा मात्र कुणी परकेच वाटायला लागले!

मग रेम्ब्रांट काढून बसलो.

१६२८च्या सुमाराचं, ऐन विशीतलं त्याचं आत्मचित्र पाहा. डोळे सावलीत बुडालेले आणि कुरळे केस चक्क ब्रशच्या दांड्याने ओल्या रंगात ओरखडून काढलेले. हौस नुसती!

आता लंडनच्या केनवुड हाउसमधलं, साधारण १६६५चं. साठीच्या आसपासचा, मधल्या काळात दिवाळं निघालेला रेम्ब्रांट. पॅलेट-ब्रश धरलेला हात म्हणजे चार-दोन फटकारे, बस्स. सगळा जीव चेहऱ्यावर. तिथे रंग जाड, थरावर थर.

आज मिशी पुसून टाकली.

तुम्ही सुरुवात कुठून करता, डोळ्यांपासून की नाकापासून? तैलरंगाबद्दल काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा.